नऊ वर्षांनी वर्गात, हातात कोर्सची असाइनमेंट

प्रश्न : आठ वर्षं पाचवी ते सातवीला गणित शिकवलं. मग घरच्या अडचणींमुळे नऊ वर्षं शाळा सुटली. येत्या सत्रापासून पुन्हा रुजू होते आहे. त्याच वेळी पदव्युत्तर अभ्यासक्रमातला ‘वर्गातील तंत्रज्ञान’ हा तीन क्रेडिटचा ऑनलाइन पेपर घेतला आहे. माहितीपत्रकात चौदा ॲप आणि साधनांची नावं आहेत. त्यातली तीनच ओळखीची निघाली. पहिली असाइनमेंट आहे, ‘तंत्रज्ञानाचा समावेश असलेला एक पाठ तयार करा’. माझ्या वेळी फळा, खडू आणि कधीमधी प्रोजेक्टर, एवढंच होतं. आता वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल आहे, गृहपाठ ऑनलाइन जातो आणि मुलं म्हणे एआयकडून उत्तरं काढून आणतात. सगळं एकदम कसं शिकू? कोर्स आणि नोकरी एकत्र झेपेल का? मुलांसमोर फजिती झाली तर? आणि जुन्या टाचणांचे आणि प्रश्नपत्रिकांचे दोन खोके माळ्यावर आहेत, ते टाकून देऊ का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चौदा साधनं आली, पण गणिताचा एकही घटक आला नाही. गाडी अडली आहे ती तिथे. कोर्सला साधनं शिकायला म्हणून जाऊ नका. ज्या घटकात मुलं दरवर्षी हमखास अडकायची असा एक घटक आत्ताच निवडा, आणि सत्रभराच्या सगळ्या असाइनमेंट त्याच्यावरच करा. साधनाची समीक्षा असो, पाठनियोजन असो, मूल्यमापन असो की शेवटचा प्रकल्प, घटक तोच. चौदा साधनांपैकी त्या घटकाला ज्यांचा उपयोग नाही ती ओळखीपुरती पाहून सोडून द्या. गुण जातील थोडे, जाऊ द्या. उदाहरणासाठी आपण भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज धरू.

असं करण्याआधी एक ईमेल मात्र पाठवाच. एकाच घटकावर सगळं काम केलं तर चालेल का, आणि पहिल्या असाइनमेंटमधला भाग पुढच्या कामात वापरता येईल का, हे कोर्सच्या प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा. स्वतःचंच आधीचं काम न सांगता पुन्हा दिलं तर अनेक विद्यापीठं त्याला गैरप्रकार धरतात, आणि साम्य शोधणारं सॉफ्टवेअर ते बरोबर पकडतं. आगाऊ परवानगी असली की प्रश्न मिटला. त्याच ईमेलमध्ये हेही विचारा : वर्गातल्या मुलांच्या वह्यांचे फोटो, त्यांची उत्तरं किंवा आवाज असाइनमेंटमध्ये वापरायचे असतील तर कुणाकुणाची संमती लागते? शाळेची आणि पालकांची तर लागतेच. कृतिसंशोधन असेल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीचीही लागू शकते. ही मंजुरी सत्राच्या शेवटी मागितली तर वेळेत मिळत नाही, आणि प्रकल्प तिथेच अडतो.

झेपेल का, याचं उत्तर आकड्यात आहे. एका क्रेडिटला आठवड्याचा एक तास वर्ग आणि दोन तास अभ्यास असा हिशेब धरला, तर तीन क्रेडिटच्या पेपरला आठवड्याला ९ तास होतात. पंधरा आठवड्यांचे १३५. हाच पेपर काही ठिकाणी आठ आठवड्यांत दाबून घेतात. तिथे आठवड्याला जवळजवळ १७ तास पडतात. नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिले दोन महिने टाचणं, हजेरी आणि वह्या एवढ्यातच पुरेवाट होते. त्यामुळे पंधरा आठवड्यांचा पर्याय असेल तर तोच घ्या आणि पहिल्या सत्रात दुसरा पेपर घेऊ नका. आठ आठवड्यांचाच असेल तर तो शाळा सुरू होण्याआधी उरकेल असा बघा. ऑनलाइन चर्चेतले प्रतिसाद थेट खिडकीत टाइप करू नका. आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि मग चिकटवा. लॉगिनची मुदत संपून पाऊण तासाचं लिखाण उडतं ते याच चुकीने.

आता पहिल्या असाइनमेंटकडे. कोर्समध्ये ‘टीपॅक’ नावाची, विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तीन ज्ञानांची सांगड घालणारी चौकट बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच येईल. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी ती २००६ साली मांडली. तिची मुळं ली शुलमन यांच्या १९८६ सालच्या मांडणीत आहेत. विषय माहीत असणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि हा विषय या मुलांना कसा शिकवायचा हे कळणं हे तिसरंच ज्ञान, असं शुलमन म्हणाले. मिश्रा-कोहलरांनी त्यात तंत्रज्ञानाचं वर्तुळ जोडलं. तीन वर्तुळांची आकृती काढून मोकळं होणारे बरेच असतात. तुम्ही मात्र एक वाक्य लिहा : ‘१/२ + १/३ करताना मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, ही चूक कुणाकुणाची आहे हे मला तास संपायच्या आत कळायला हवं, त्यासाठी मला सगळ्या वर्गाची उत्तरं एकदम दिसणारं साधन हवं.’ या एका वाक्यात विषय आला, अध्यापन आलं आणि तंत्रज्ञानही आलं. परीक्षकाला हवं असतं ते हेच.

‘एसएएमआर’ ही दुसरी चौकट रुबेन पुएन्तेदुरा यांची, तंत्रज्ञानाने पाठ किती बदलतो हे दाखवणारी. पर्याय, सुधारणा, बदल, नवरचना अशा तिच्या चार पायऱ्या. ती शिडीसारखी काढतात म्हणून वरची पायरी चांगली आणि खालची मागासलेली असा समज होतो. तसं काही नाही. वहीतलं उदाहरण कॅमेऱ्याने पडद्यावर दाखवणं ही खालची पायरी, आणि भर तासात ती इतर कुठल्याही खटाटोपापेक्षा जास्त कामाला येते. केवळ वरची पायरी गाठायची म्हणून मुलांना अपूर्णांकांवर व्हिडिओ बनवायला लावलात, तर तीन तास चित्रीकरणात जातील आणि ‘१/२ + १/३ = २/५’ तसंच राहील.

साधन निवडताना एकच कसोटी लावा. चाळीस मिनिटांच्या तासातली किती मिनिटं ते खातं, आणि त्या बदल्यात मुलांच्या डोक्यात काय चाललंय याची कोणती बातमी देतं? बत्तीस मुलांपैकी दहा जणांचा पासवर्ड अडला आणि प्रत्येकाला वीस सेकंद दिली, तरी तीन मिनिटांवर गेली. शिवाय उरलेले बावीस तोवर मोकळे. नवीन ॲप पहिल्यांदा उघडताना दहा-बारा मिनिटं लॉगिनला जाणार असं धरूनच चाला. म्हणून पहिल्यांदा साधन नवं असेल तर घटक जुना ठेवा, उजळणीचा. घटक नवा असेल तर साधन सरावाचं. दोन्ही एकाच तासाला नवं ठेवलं तर बिघाड झाल्यावर मुलांना अपूर्णांक कळले नाहीत की बटण सापडलं नाही, हेच समजत नाही.

या कसोटीवर सगळ्यात आधी कोणतं साधन घ्यावं? आमचं मत : प्रश्न विचारून सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम घेणारं. हात वर करायला सांगितलं की तीच पाच मुलं हात वर करतात, हे तुम्हाला आठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहेच. प्रत्येक मुलाकडे उपकरण नसलं तरी अडत नाही. ‘प्लिकर्स’ची कागदी कार्डं मिळतात. प्रत्येक मुलाला एका क्रमांकाचं कार्ड, त्यावर काळी-पांढरी आकृती, आणि चार कडांना चार पर्याय. मूल आपला पर्याय वर करून कार्ड धरतं आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता. शेजाऱ्याचं उत्तर कळत नाही, कारण प्रत्येक आकृती वेगळी असते. तीन गोष्टी बिघडतात. कार्डाला चकचकीत लॅमिनेशन केलं की दिव्याची चमक पडून कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. जाड मॅट कागदावर छापा. मुलांची बोटं काळ्या भागावर येतात. कडेला धरायला शिकवा. आणि मागच्या बाकांवरची कार्डं पुढच्या डोक्यांआड जातात. कॅमेरा खांद्याच्या उंचीवर न धरता डोक्यावर धरा.

साधनापेक्षा प्रश्न महत्त्वाचा. हा बघा :

१/२ + १/३ = ?
(अ) २/५ (ब) ५/६ (क) २/६ (ड) १/५

यातला एकही चुकीचा पर्याय भरतीचा नाही. (अ) निवडणारं मूल अंश अंशात आणि छेद छेदात मिळवतंय. (क) वाल्याने छेद समान करून ६ आणला, पण अंश बदलायचे विसरला. १/६ आणि १/६ मिळवले. (ड) वाल्याला छेदांची बेरीज करायची आठवली आणि अंश दोन्हीकडे १ आहे म्हणून तोच ठेवला. तिन्हींचा उपाय एकच नाही. पहिल्याला कागदाची पट्टी घडी घालून दाखवा की २/५ हे १/२ पेक्षाही लहान आहे, मग बेरीज निम्म्याहून कमी कशी येईल? दुसऱ्याला पट्टीची गरजच नाही. समच्छेद करताना अंशालाही त्याच संख्येने गुणायचं, एवढीच कडी जोडायची. ‘बऱ्याच मुलांचं चुकलं’ एवढंच सांगणारा प्रश्न अर्धवट. कुठे चुकलं तेही त्यातून कळायला हवं.

मतं आल्यावर काय करायचं याची पद्धत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये १९९१ पासून वापरली आणि ती इतर विषयांतही रुळली. मुलांनी आधी न बोलता, एकट्याने उत्तर द्यायचं, एक-दोन मिनिटं. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी आली तर चर्चेत अर्थ नाही, घटक पुन्हा समजावा. ७० टक्क्यांच्या वर आली तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. मधल्या पट्ट्यात असतील तर वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्या आणि पुन्हा मतं घ्या. इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात : पहिल्या मतांचा स्तंभालेख लगेच पडद्यावर दाखवतात. मग चर्चा होत नाही, सगळे उंच खांबाकडे धावतात. आलेख फक्त तुमच्या फोनवर राहू द्या, दुसरं मत झाल्यावर दाखवा.

‘काहूत’सारख्या चुरशीच्या खेळांबद्दल सावध राहा. मुलांना ते आवडतात, वर्ग दणाणतो, हे खरं. पण नेहमीच्या पद्धतीत तिथे वेगाला गुण असतात. वीस सेकंदांच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दहाव्या सेकंदाला दिलं तर १००० पैकी ७५०, अगदी शेवटी दिलं तर ५००. अपूर्णांकाची बेरीज विचार करून करणाऱ्याला तिथे शिक्षा होते आणि बटण आधी दाबणाऱ्याला बक्षीस. पाढे, संज्ञा, व्याख्या यांच्या उजळणीला ठेवा. समज तपासायला नको.

दुसरं साधन कागदपत्रांचा कॅमेरा, ज्याला व्हिज्युअलायझर म्हणतात. आमच्या मते वर्गातलं सगळ्यात दुर्लक्षित यंत्र हेच. एका मुलाची वही नाव झाकून पडद्यावर ठेवली आणि ‘यातली दुसरी पायरी बघा, पटते का?’ असं विचारलं, की त्या पाच मिनिटांत घटकाची गाठ सुटते. शाळेत नसला तर फोन स्टँडवर आडवा लावून, कॅमेरा सरळ खाली कागदाकडे ठेवून चालतो. उजेड वरून नको, बाजूने हवा; वरून आला की चमक येते आणि हाताची सावली अक्षरांवर पडते. हात हलला की कॅमेरा पुन्हा पुन्हा फोकस शोधतो आणि पडदा धूसर होत राहतो. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस बांधला जातो. पेन्सिलीची अक्षरं मागून दिसत नाहीत, मुलांना पेन द्या.

पॅनेलची भीती घालवायला शाळा सुरू होण्याआधी एकदा रिकाम्या वर्गात तासभर मागून घ्या. दाराला कडी लावा आणि हे करून बघा. एचडीएमआयची तार चित्र आणि आवाज नेते, पण स्पर्श नेत नाही. पॅनेलवर बोट फिरवून लॅपटॉप चालवायचा असेल तर यूएसबीची वेगळी तार लागते. ‘पॅनेल बिघडलंय’ या तक्रारीमागे पुष्कळदा ती एक तार असते. विंडोजवर विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबली की चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’मध्ये तुम्हाला दिसतं तेच मुलांना दिसतं, ‘एक्स्टेंड’मध्ये पडदा वेगळा आणि तुमचा लॅपटॉप वेगळा. गुणपत्रक किंवा हजेरी उघडायची असेल तर आधी ‘डुप्लिकेट’ बंद करा, नाहीतर कुणाला किती मिळाले हे अख्खा वर्ग वाचतो. व्हिडिओचा आवाज येत नसेल तर स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज लॅपटॉपमधून जातोय की पॅनेलमधून ते बघा. तार जोडली की तो आपसूक दुसरीकडे वळतो. लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ वाढवा आणि मेसेजच्या सूचना बंद करा. पॅनेलऐवजी प्रोजेक्टरवर चालणारा बोर्ड असेल आणि लिहिलेलं बोटापासून दोन इंच बाजूला उमटत असेल, तर प्रोजेक्टरला धक्का लागलेला असतो. कॅलिब्रेशन उघडून दाखवलेल्या खुणांना क्रमाने स्पर्श केला की जागेवर येतं. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नका.

मग शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि स्वतःचीच स्लाइड वाचा. २८ पॉइंटपेक्षा लहान अक्षर असेल तर बहुधा वाचता येणार नाही. अपूर्णांक तर आणखी मोठे हवेत, कारण अंश आणि छेद निम्म्या उंचीचे होतात. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट राखाडी नको. वेबवरच्या सुलभतेच्या मानकांत साध्या मजकुराला निदान ४.५ : १ इतका विरोधाभास मागितला आहे आणि तो फुकटच्या तपासण्यांत मोजता येतो. बरोबर हिरव्याने आणि चूक लाल रंगाने, एवढ्यावर भागवू नका. लाल-हिरवा फरक न कळणारं मूल वर्गात असू शकतं. शेजारी खूण आणि शब्दही द्या.

स्लाइडवरचा मजकूर तसाच्या तसा मोठ्याने वाचणं टाळा. डोळे आणि कान दोघांना एकच वाक्य वेगवेगळ्या वेगाने मिळालं की लक्ष फाटतं. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांमधून हे वारंवार दिसलं आहे. आकृती दाखवा, बोला तोंडाने. व्हिडिओही लहान ठेवा. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ऑनलाइन कोर्सच्या लाखो पाहण्यांचा अभ्यास केला, त्यात सहा मिनिटांनंतर बघणाऱ्यांचं लक्ष ओसरतं असं दिसलं; ते तर स्वतःहून कोर्स घेतलेले लोक होते. आणि बत्तीस मुलांनी बत्तीस उपकरणांवर एकाच वेळी व्हिडिओ लावला, तर प्रत्येकी अडीच मेगाबिट धरून सेकंदाला ८० मेगाबिट लागतील. वर्गातलं वायफाय तिथेच गुडघे टेकतं. एकदाच आधी उतरवून घ्या आणि पॅनेलवर दाखवा.

ऑनलाइन गृहपाठासाठी शाळेत जी व्यवस्था असेल, गूगल क्लासरूम म्हणा, मूडल म्हणा, तीच शिका. दुसरी आणू नका. क्लासरूममध्ये फाइल जोडताना मुलांनी ती फक्त बघायची, सगळ्यांनी मिळून एकीतच लिहायचं, की प्रत्येकाला स्वतंत्र प्रत, हे निवडावं लागतं. काहीच न निवडता पाठवली तर मुलांना फक्त बघता येते, आणि रात्री पालकांचे फोन येतात. ‘सगळ्यांनी बदल करावेत’ निवडलंत तर एकाने पुसलेलं उत्तर सगळ्यांचंच जातं. स्वतंत्र प्रतीचा पर्याय काम पाठवण्याआधीच निवडायचा असतो. नंतर बदलता येत नाही, काम काढून नव्याने टाकावं लागतं. तपासून गुण भरलेत तरी ‘परत करा’ दाबेपर्यंत ते मुलांना दिसत नाहीत. आणि पाठवण्याआधी मुलांच्या बाजूने ते कसं दिसतं हे एकदा सहकाऱ्याच्या चाचणी खात्यातून बघून घ्या.

गूगल फॉर्मवर चाचणी घेणार असाल तर गणिताच्या शिक्षकाला एक खास खड्डा आहे. लघुत्तरात फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो. तुम्ही उत्तर ०.५ दिलंत आणि मुलाने १/२ लिहिलं, किंवा सुरुवातीचं शून्य गाळलं, किंवा नुसतं तुम्ही देवनागरी अंकांत आणि त्याने इंग्रजी अंकांत टाइप केलं, तरी उत्तर चूक. बरोबर सोडवलेलं मूल शून्य गुण बघून हिरमुसतं. सगळी चालणारी रूपं उत्तरांत घाला, प्रश्नातच ‘अंक इंग्रजी कीबोर्डवर लिहा, अपूर्णांक अ/ब असा’ असं सांगा, किंवा सरळ पर्यायी प्रश्न ठेवा. फॉर्मने दिलेले गुण जाहीर करण्याआधी एकदा नजर फिरवाच.

नवं ॲप मुलांना द्यायच्या आधी पाच गोष्टी बघा : किमान वय किती लिहिलंय, नोंदणीला काय काय माहिती मागतं, जाहिराती आहेत का, खातं आणि माहिती पुसता येते का, आणि शाळेने त्याला मान्यता दिली आहे का. नाव लागत नसेल तर हजेरी क्रमांक घाला. स्वतःचं खाजगी खातं वर्गासाठी वापरू नका. हे तपासण्याचं कोष्टक कोर्समधल्या ‘साधनाची समीक्षा’ असाइनमेंटला जसंच्या तसं जोडता येतं.

एआयबद्दल. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, म्हणजे तुमच्या खंडाच्या काळात. उत्तरं एआयने लिहिली का हे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणाही मुलावर आरोप करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. ज्यांची लिहिण्याची भाषा मातृभाषा नाही त्यांच्या लिखाणावर अशी साधनं चुकीचा ठपका जास्त ठेवतात, असंही अभ्यासात दिसलं आहे. गणितात यापेक्षा साधा मार्ग आहे. घरी सोडवून आणलेल्या पाच उदाहरणांपैकी एक, संख्या बदलून, दुसऱ्या दिवशी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत वहीत सोडवायला द्या आणि गुण त्यालाच ठेवा. घरचं कुणी सोडवलं हे विचारावंच लागत नाही. स्वतःसाठी एआय वापरायचं तर चुकीचे पर्याय सुचवायला चांगलं आहे. ‘भिन्नछेद बेरजेत मुलं करतात त्या चुका सांग आणि प्रत्येक चुकीतून येणारं उत्तर दे’ असं विचारा, पण येईल ते प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहा. कधी दोन पर्याय एकाच किमतीचे निघतात, २/४ आणि १/२ असे. मुलांची नावं, गुण किंवा वहीचे फोटो त्यात टाकू नका.

फजितीचं म्हणाल, तर ती होणार. तार निघेल, पडदा काळा होईल. दोन मिनिटांत सुरू झालं नाही तर फळ्याकडे वळायचं, हे आधीच ठरवून टाका आणि त्या पाठाचं कागदी रूप टेबलावर ठेवा : तोच प्रश्न फळ्यावर, आणि उत्तराला बोटं. एक बोट म्हणजे अ, चार बोटं म्हणजे ड, सगळ्यांनी छातीशी धरून एकदम दाखवायचं. मुलं फोनवर सराईत असतात म्हणून त्यांना फाइल कुठे साठवली हे माहीत असतंच असं नाही. तारा जोडण्याचं काम दोन मुलांना वाटून द्या, दर आठवड्याला जोडी बदला.

खोके टाकू नका, पण सगळं ठेवूही नका. चित्रांच्या सीडी, छापील कार्यपत्रकं, जुन्या पुस्तकावरची टाचणं गेली तरी चालेल. तपासलेल्या उत्तरपत्रिका उरल्या असतील तर त्या आधी बाहेर काढा. त्यात मुलांनी खरोखर केलेल्या चुका आहेत, आणि वर जो चार पर्यायांचा प्रश्न दिला तसे प्रश्न त्यातूनच तयार होतात. एका घटकाच्या वीस-पंचवीस पत्रिका घेऊन चुकीची उत्तरं एका कागदावर उतरवा, सारखी एकाखाली एक. ज्या तीन चुका सगळ्यात जास्त येतील ते तुमचे पर्याय. नावं कापून पत्रिका नष्ट करा. संगणकावर टाइप केलेल्या जुन्या नोट्स असतील आणि त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतील, तर नव्या लॅपटॉपवर त्या रोमन अक्षरांचा कचरा दिसतील. रूपांतर करणारी साधनं आहेत. मात्र रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडून बसतात, म्हणून प्रत्येक ओळ वाचून बघावी लागते. दहा पानांहून जास्त असेल तर फक्त प्रश्न तेवढे नव्याने टाइप करा, ते लवकर होईल.